पत्त्याची दुसरी ओळ

रकाना चाळीस अक्षरांचा होता आणि त्यात एकच अक्षर होतं. डाव्या कडेला चिकटून बसलेलं थ. अफसानानं त्याच्या मागं एखादं टिंब, एखादी न दिसणारी मोकळी जागा आहे का ते तपासलं. काही नव्हतं. खालच्या नोंदीत तो रकाना रिकामा होता, त्याच्या खालच्याही नोंदीत रिकामा. बऱ्याच नोंदी तशाच कोऱ्या गेल्या आणि मग पुन्हा थ. रकान्याचं नाव होतं 'पत्ता, ओळ दुसरी'.

थ नावाची पेठ साताऱ्यात नाही, वाडी नाही. असलीच, तरी वाईच्या, कोरेगावच्या आणि उंब्रजच्या माणसांच्या पत्त्यात ती एकाच वेळी कशी येईल?

अफसाना शिकलगार मूळची सांगलीची. सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी केल्यावर तिनं काही वर्षं लॅबमध्ये काढली, आणि मग ती साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या या छोट्या कंपनीत आली. कंपनी रक्तकेंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. दाता कोण, रक्तगट कुठला, तपासण्यांचे निकाल काय आले, पिशवी कुठल्या कप्प्यात आहे आणि कुणाला दिली, हे सगळं त्यात. अफसानाकडं आलेलं काम मात्र कंपनीत कुणालाच नको होतं. ती स्कीमाची फाईल सांभाळायची. डेटाबेसमध्ये कुठले तक्ते आहेत, तक्त्यात कुठले रकाने आहेत आणि कुठल्या रकान्याचा अर्थ काय, हे त्या फाईलीत लिहिलेलं असतं. घराचा नकाशा असतो तसं. नव्या गावात रक्तकेंद्र निघालं की या नकाशावरून तिथला डेटाबेस उभा करायचा. म्हणून घरातली भिंत हलली की नकाशातलीही हलवावी लागते.

इथं भिंती रोज हलत होत्या. हलवणारा पप्पू. तो फिरतीवरचा माणूस. रक्तकेंद्रातून फोन आला की मोटरसायकल रस्त्याच्या कडेला लावून, मांडीवर लॅपटॉप उघडून थेट चालू डेटाबेसमध्ये हात घालायचा. रकाना पाहिजे? घातला. नको? नाव बदललं. आठवण राहिली तर संध्याकाळी सांगायचा, "मॅडम, तेवढं फायलीत घाला." बहुतेक वेळा आठवण राहायची नाही. त्यामुळं चालू डेटाबेसमध्ये 'नवीन' नावाचा एक रकाना होता, 'नवीन_खरा' नावाचा दुसरा होता आणि 'नवीन_खरा_शेवटचा' असा तिसराही. एकदा तिला वजनाच्या रकान्यात हिमोग्लोबिन सापडलं होतं. साडेबारा किलोचा दाता बघून तिला आधी हसू आलं. मग मात्र असं काही तरी पोटातून वर आलं, की ती उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली.

किळस. कामाच्या बाबतीत हा शब्द आपल्याला वापरावा लागेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. लॅबमध्ये तिनं काय काय हाताळलं होतं. थुंकीचे नमुने, पू, शौच. तिला त्याचं काही वाटायचं नाही, कारण प्रत्येक डबीवर आत काय आहे ते लिहिलेलं असायचं आणि आत तेच असायचं. घाण म्हणजे घाणेरडी वस्तू नव्हे. घाण म्हणजे वर एक लिहायचं आणि आत दुसरं ठेवायचं. इथं बसून बसून ती या व्याख्येला आली होती.

गेल्या दिवाळीत तिनं एक गोष्ट मनाशी ठरवली होती. रक्तकेंद्रांना सरळ सांगायचं, की डेटाबेस मुळापासून नीट मांडून होईपर्यंत हे सॉफ्टवेअर वापरू नका. ठरवलं, आणि ठेवून दिलं. आधी मालकाच्या बहिणीचं लग्न आडवं आलं. नंतर साताऱ्याच्या केंद्राची सरकारी तपासणी होती. मग पप्पूला मुलगी झाली. एवढ्याशा कंपनीत दहा-बारा माणसं. हे वाक्य उच्चारलं तर ती सगळी घरी बसणार, त्यात ती स्वतःही. न उच्चारलं तर काय होणार, ते ठाऊक नव्हतं. ठाऊक नसण्याचा तिला मोठाच आधार होता.

"पप्पू, हे थ काय आहे?"

पप्पू तळहातावर तंबाखू मळत होता. "कुठला थ?"

"पत्त्याच्या दुसऱ्या ओळीतला."

"आवं, तो व्हय!" त्याला मनापासून आनंद झाला. कुणीतरी आपलं काम पाहिलं याचा आनंद. "तो माजा थ हाय मॅडम. थांबवा मधला."

"म्हणजे?"

"म्हंजी असं बगा. तपासणीत एकांद्या पिशवीचा निकाल धड हिकडं न्हाई, धड तिकडं न्हाई असा आला, तर ती पिशवी पुन्ना तपासूस्तवर कुणाला द्यायची न्हाई. बरूबर? सातारच्या केंद्रानं मला सांगितलं, तसली पिशवी अडवून ठिवायची सोय करा. आता नवा रकाना घालायचा म्हंजी परोग्राम थांबवा, तुमची फाईल बदला, जयराजसायबांची परवानगी घ्या. लय कुटाणा. मी म्हनलं, रिकामा रकाना कुठला हाय?" त्यानं चिमूट गालात सोडली. "पत्त्याची दुसरी ओळ! आपल्याकडं दुसरी ओळ कोण भरतंय मॅडम? मुक्काम पोस्ट उंब्रज, तालुका कऱ्हाड. संपला पत्ता. पोस्टमन घर बरूबर हुडकतोय. मग ती ओळ फुकट कशाला घालवायची? अडवायची पिशवी असली की तितं थ पडतोय. थ असला की परोग्राम पिशवी दावत न्हाई. दोन वर्सं झाली, एक तक्रार न्हाई."

"आणि सांगलीच्या नव्या केंद्राचं काय?"

"सांगलीला सोमवारपासून तेच चालू हाय की. तुमच्याच फायलीवरनं उभं केलंय."

सांगली अफसानाचं गाव. तिथं पत्ता एका ओळीत मावत नाही. खणभाग लिहिलं तर पुढं गल्ली लागते, गल्लीपुढं मशिदीच्या मागं की पुढं ते लागतं. विश्रामबागेत इमारतीचं नाव, मजला. सांगलीतला कुणीही शहाणा माणूस ती दुसरी ओळ भरणारच. आणि भरली, की थ गेला. थ गेला, की अडवलेली पिशवी मोकळी.

"तिथल्या लोकांना सांगितलंय का, की दुसऱ्या ओळीला हात लावायचा नाही?"

"सांगितलं आसंल की," पप्पू म्हणाला आणि खिडकीतून बाहेर थुंकला. कोण सांगणार होतं, ते त्यानं सांगितलं नाही. भिंतीवर बाहेरून तांबडा ओघळ होता. जुना, वाळलेला, आणि त्यावर आत्ताचा ओला.

जयराज कंपनीचा मालक. चाळिशीचा, बोलायला मोकळा, कुणाचंही आजारपण असलं तर आधी धावून जाणारा. त्याचे वडील सुभेदार होते आणि बोलण्यात दर दुसऱ्या वाक्याला फौज यायची. अफसानानं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, मग तिच्याच मशीनवर फाईल आणि डेटाबेस ताडून पाहणारा प्रोग्राम चालवला. पडद्यावर हिरवी पट्टी आली. फरक: शून्य.

"बघा. फौजेसारखी रांग. एक रकाना इकडं तिकडं नाही."

"सर, रकान्याचं नाव जुळतं म्हणून शून्य आलंय. फाईलीत ती पत्त्याची ओळ आहे, डेटाबेसमध्येही तिचं नाव तेच आहे. आत दुसरंच काही चाललंय. ते या प्रोग्रामला कसं कळणार?"

"मग फाईलीत शेरा टाका ना. 'ही ओळ अडवण्यासाठी वापरतात.' झालं जुळलं."

"फाईलीत शेरा टाकला तर सांगलीत पत्ता टाइप करणारीला कसा दिसेल? नवा रकाना घालू. वेगळा, त्याच्या नावानं. एक दिवस द्या मला."

"उद्या सांगलीच्या केंद्राचं उद्घाटन आहे, अफसाना मॅडम. उद्घाटन होऊ दे. एक दिवस काय, आठवडा देतो." तो मऊपणे म्हणाला. "आणि हा फरक शून्यचा ताळमेळाचा कागद छापून ठेवा. तिथल्या प्रमुख डॉक्टर शिवांजली फार काटेकोर आहेत. कंपनीचा शिक्का नको म्हणाल्या, तुमची सही पाहिजे म्हणाल्या. विज्ञानाची बाई आहे, ती खोटं लिहिणार नाही, असं म्हणाल्या."

तिनं जागेवर येऊन सांगलीच्या केंद्राचा नंबर लावला. तो लागत नव्हता. पुन्हा लावला तेव्हा दारातून जयराज म्हणाला, "अहो, उद्या जातोयच की आपण. एका रात्रीत काय आभाळ कोसळतंय?" आणि तिनं फोन खाली ठेवला. का ठेवला, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. हात धुवावेसे वाटले, म्हणून ती बेसिनपाशी गेली. बेसिनच्या जाळीवर चहाचा चोथा साचून वर पांढुरकी बुरशी धरली होती, बारीक, मखमली. बुरशीचं नाव तिला सांगता आलं असतं. तिनं नळ उघडलाच नाही.

सकाळी तिघं जयराजच्या गाडीतून निघाले. उंब्रजला महामार्गाच्या कडेला चहाला थांबले. हॉटेलातल्या बाकड्यावर मागच्या गिऱ्हाइकाच्या रश्श्याचा तवंग होता. पोऱ्यानं येऊन तो फडक्यानं बाकभर सारखा पसरला आणि पुसल्याच्या समाधानानं निघून गेला. अफसानानं कप उचलून हातात धरला.

"मॅडमना चहात पण जंतू दिसत असतील," जयराज म्हणाला.

"मग आमच्यात काय दिसत आसंल, इचारूच नका," पप्पू म्हणाला आणि दोघं हसले. तिलाही थोडं हसू आलं. ही माणसं वाईट असती तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात आलं. पप्पूनं मागच्याच महिन्यात स्वतःचं रक्त दिलं होतं, कुठल्या तरी अनोळखी बाईला, पावसात महाबळेश्वरहून खाली येऊन.

"सर, मी परत विचारते. उद्घाटनाआधी तासभर सॉफ्टवेअर थांबवून मी रकाना घातला तर?"

"मॅडम, पाहुणे आल्यावर पडदा काळा दिसला तर माझी काय शोभा राहील? घर उभं राहिल्यावर नकाशा कोण बघतं सांगा मला. माझ्या घराचा नकाशा कुठं आहे, मलाच माहीत नाही. घर पडलंय का?"

"पण त्या घरात आपण लोकांना—"

"चहा घ्या. गार होतोय."

चहावर साय धरली होती. तिनं ती बोटानं बाजूला केली, मग कप तसाच ठेवून दिला.

सांगलीचं रक्तकेंद्र एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावर होतं. दारात रांगोळी, आत फुगे. कुणीतरी उत्साहाच्या भरात रक्ताच्या फ्रिजला झेंडूचं तोरण बांधलं होतं, आणि तोरणाचा दोरा दारात अडकून दार बोटभर उघडं राहिलं होतं. हिरव्या डगल्यातली एक बाई कात्रीनं ते तोरण कापत होती आणि तोंडानं बांधणाऱ्याचा उद्धार चालला होता.

"देवाचा देव्हारा वाटला व्हय ह्यांना! नारळ पण फोडतील आत." तिनं वळून पाहिलं. "साताऱ्याचे का तुम्ही? बरं झालं आलात. मी दीपमाला, इथली टेक्निशियन. तुमच्या त्या सॉफ्टवेअरला जरा शिस्त लावा की ओ."

"काय झालं?" अफसानानं विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं.

"सारखं थ पडतंय! पत्त्यात. आधी वाटलं, बटण अडकतंय. कीबोर्ड उलटा करून झाडला. नवा कीबोर्ड आणला. तरी थ! म्हटलं असेल साताऱ्याची पद्धत." ती हसली. "मग काय, रोज सकाळी आल्या आल्या बसते, सगळे थ पुसते आणि फोन करून नीट पत्ते विचारून भरते. दुसरी ओळ नको व्हय? नुसतं सांगली लिहून माणूस सापडतोय काय? एकाचा पत्ता अर्धवट नाही आता. बघा हवं तर."

ती कौतुकाची वाट बघत होती. आणि कौतुक करण्यासारखंच काम होतं. या सगळ्या साखळीत रकान्यात जे लिहायचं तेच लिहिणारी ही एकटीच बाई होती.

अफसानानं विचारलं, "अडवलेल्या पिशव्या कुठं ठेवता तुम्ही?"

"खालच्या कप्प्यात. कंप्युटरनं मोकळी दाखवली की वरच्या कप्प्यात घेते. तेवढं नेमानं करते मी."

"मला बसू द्या जरा इथं."

तिनं तपासण्यांचा तक्ता उघडला आणि ज्या पिशव्यांचे निकाल धड इकडं ना धड तिकडं आले होते तेवढ्याच वेगळ्या काढल्या. दोन निघाल्या. दोन्हींच्या दात्यांचे पत्ते सुंदर भरले होते. गणपती पेठ, तेलाच्या दुकानावर, पहिला मजला. दुसरा गावभागातला. दोन्ही पिशव्या पडद्यावर मोकळ्या दिसत होत्या. दोन्हींत काविळीच्या विषाणूची शंका होती आणि फेरतपासणी कुणीच केली नव्हती, कारण फेरतपासणीची यादीही थ वरूनच निघायची.

"हा नंबर कुठाय?"

दीपमालानं फ्रिज उघडून वरच्या कप्प्यातून एक पिशवी काढली. "ही."

"आणि हा?"

दीपमालानं नंबर वाचला आणि तिचा हात थांबला. तिनं काउंटरकडं पाहिलं. तिथं थर्माकोलचा डबा घेऊन एक माणूस उभा होता, पांढरी टोपी, डोळे जागरणानं लाल. पिशवी डब्यात गेली होती. तो झाकण लावत होता.

"कृष्णातदादा, थांबा! थांबा जरा!"

"आता काय? सही केली की मी." तो वैतागला. "सून तिकडं टेबलावर हाय. समदी वाट बघायल्यात, ताई."

"दुसरी देते. हिच्यापेक्षा चांगली देते. पाच मिनिटं थांबा फक्त."

"रक्तात बी चांगलं-वाईट असतंय व्हय?" तो म्हणाला, पण त्यानं डबा पुढं केला. दीपमालानं पिशवी उचलून खालच्या कप्प्यात ठेवली. दुसरी पिशवी जुळवून पाहून त्याच्या डब्यात जाईपर्यंत तो काउंटरवर बोटांनी ताल धरून उभा होता. मग भरभर निघून गेला. आपल्या डब्यात आधी काय होतं ते त्याला कधी कळणार नव्हतं.

"मी पुसलं," दीपमाला म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "मीच पुसलं ना ते?"

"तुम्ही पत्ता लिहिलात," अफसाना म्हणाली. "पत्त्याच्या जागी."

दारामागं उभ्या जयराजनं सगळं पाहिलं होतं. त्याचा चेहरा पडला होता. क्षणभर अफसानाला वाटलं, आता हा म्हणेल, बंद करा हे सगळं. आता नक्की म्हणेल. त्यानं रुमालानं मान पुसली आणि मोठा श्वास सोडला.

"देवाची कृपा. सापडली. मिटलं." तो पप्पूकडं वळला. "पप्पू, एक कागद छाप. मोठ्या अक्षरात. 'दुसऱ्या ओळीतला थ कृपया पुसू नये.' आणि चिकटव इथं पडद्याच्या वर."

पप्पूनं कागद छापला. चिकटपट्टीचा तुकडा दातानं तोडला, लाळेनं ओली झालेली कड तशीच पडद्याच्या चौकटीवर दाबली. कागद थोडा वाकडा लागला. त्यानं तो सरळ केला.

"आणि पत्ता कुठं लिहू मी?" दीपमालानं विचारलं.

"पहिल्याच ओळीत. जरा आखडून," जयराज म्हणाला.

"न्हाईतर असं करा ताई," पप्पू म्हणाला. तो खरोखर मदत करायला बघत होता. "दुसऱ्या मोबाईलचा रकाना हाय बगा खाली. तो कोण भरत न्हाई. तितं लिवा की पत्ता."

"चालेल," जयराज म्हणाला. "चांगली आयडिया आहे."

अफसाना त्या तिघांकडं बघत होती. तिच्या डोळ्यांदेखत आणखी एका रकान्याचा अर्थ बदलला होता, बोलता बोलता, एवढ्या सहज, जसं कुणी वाटेत जाता जाता कोपऱ्यात पिंक टाकावी. कुठंच काही लिहिलं गेलं नव्हतं. संध्याकाळी तिच्या फाईलीत तो रकाना मोबाईलचाच असणार होता, ताडून पाहिलं तर फरक शून्य येणार होता आणि पुढच्या गावात कुणीतरी नेमानं काम करणारी बाई तिथं मोबाईलचा नंबर भरणार होती. तिनं टेबलाची कड धरली. कड चिकट होती, सकाळच्या पेढ्यांची असावी. तिनं हात काढून घेतला आणि ओढणीला पुसला. पुसत राहिली. आणि मग तिच्या लक्षात आलं, की काल दुपारी फोन खाली ठेवणारा हात हाच. कृष्णात नावाच्या माणसाच्या सुनेचा विचार करण्याआधी तिनं जयराजच्या शोभेचा विचार केला होता, आणि त्याला समजूतदारपणा असं नाव दिलं होतं.

"डॉक्टर बोलावताहेत," आतून कुणीतरी सांगायला आलं.

डॉक्टर शिवांजली यांची खोली लहान आणि स्वच्छ होती. त्या पन्नाशीच्या, कापलेल्या केसांच्या, हळू बोलणाऱ्या. पाहुणे येऊन शेजारच्या खोलीत बसले होते. कपबशांचा आवाज येत होता. जयराजनं आत शिरतानाच हसू चेहऱ्यावर आणलं आणि ताळमेळाचा कागद त्यांच्यापुढं सरकवला.

"सगळं ओके आहे मॅडम. एक बारीक गोष्ट होती, ती आत्ताच मार्गी लावली. फाईल आणि डेटाबेस, फरक शून्य."

डॉक्टरांनी कागद वाचला. खाली सहीची जागा कोरी होती. "बाहेर काही गडबड ऐकू आली. कृष्णात शिंद्यांची पिशवी बदलली का?"

"अहो, ती आपली नेहमीची... स्टाफला अजून सवय नाही ना. थोडं ट्रेनिंग लागेल."

दाराशी दीपमाला उभी होती. 'स्टाफ' हा शब्द ऐकल्यावर तिनं मान खाली घातली. नवी नोकरी, नवं केंद्र. तिच्या कपाळावर घाम होता आणि हातात अजून ती कात्री.

"मला अफसाना मॅडमना विचारायचंय," डॉक्टर म्हणाल्या. "मला तुमच्यातलं तांत्रिक काही कळत नाही. एकच सांगा. पडद्यावर जे दिसतं त्यावर विश्वास ठेवून माझ्या माणसांनी पिशवी उचलावी की नाही?"

"उचलावी की, उचलावी," जयराज म्हणाला. "मॅडम, सही करा ना. पाहुणे खोळंबलेत." आणि अगदी हळू, फक्त तिला ऐकू येईल असं, "आपल्या सगळ्यांची पोटं आहेत, अफसाना. पप्पूचं पोर दोन महिन्यांचं आहे."

ते खरंच होतं. तिनं त्या पोरीला पाहिलं होतं, बारशाला. तिनं पप्पूकडं पाहिलं. तो दारातून आपुलकीनं हसला आणि मान हलवून 'करा की' अशी खूण केली. तिनं डॉक्टरांच्या टेबलावरचं पेन उचललं, टोपण लावलं आणि परत जागेवर ठेवलं. तिला वाटलं होतं त्यापेक्षा तिचा आवाज साधा निघाला.

"नाही, डॉक्टर, उचलू नये. हे सॉफ्टवेअर आत्ता बंद करा आणि सगळ्या पिशव्या खाली उतरवून एकेक हातानं तपासा. साताऱ्याच्या केंद्रातही दोन वर्षं हेच चाललंय. त्यांनाही मी बंद करायला सांगतेय, तुमच्याच फोनवरून, आत्ता."